मंगल कार्यालयातला संसार

संगणकाच्या धंद्यात 'ढग', म्हणजे 'क्लाउड', हा शब्द आला तो आळसातून. टेलिफोन आणि नेटवर्कवाले इंजिनिअर पूर्वी आपल्या जोडण्यांचे नकाशे कागदावर काढत. आपली यंत्रं चौकोनांनी दाखवायची, तारा रेघांनी दाखवायच्या, आणि मधला जो पसारा दुसऱ्या कुणाचा आहे, ज्यात आपल्याला पडायचं नाही, तिथे एक गुबगुबीत ढग काढून मोकळं व्हायचं. 'आत काय आहे ते विचारू नका' याची ती खूण होती. पुढे ती खूणच विकायला निघाली, आणि गिऱ्हाईकही इतकं समंजस, की त्याने आत काय आहे ते खरोखरच विचारलं नाही. आपल्या केंद्र सरकारचा ढग 2014 साली सुरू झाला. त्या उपक्रमाचं नाव 'मेघराज'. नाव ऐकून हात जोडावेत, निदान छत्री तरी घ्यावी.

प्रत्यक्षात हा ढग जमिनीवर आहे, आणि महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर त्याचा बराचसा भाग ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आजूबाजूला पसरला आहे. ऐरोली, रबाळे, महापे या कारखान्यांच्या पट्ट्यात आता बिनखिडक्यांच्या थोराड इमारती उभ्या आहेत. आत रांगेने कपाटं, कपाटांत सर्व्हर, सर्व्हरना गार ठेवायला यंत्रं, वीज गेली तर बॅटऱ्या, बॅटऱ्या दमल्या तर डिझेलचे जनरेटर. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत बस्तान बसवलं, अॅमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत, गूगलने 2017 मध्ये पुन्हा मुंबईतच. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि बँका, शेअर बाजार ही मोठी गिऱ्हाइकं हाकेच्या अंतरावर आहेत, तेव्हा यात नवल नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच ठेवण्याचं फर्मान काढलं, त्यामुळे ढग कुठल्या गावात आहे या प्रश्नाला कायद्याचंही वजन आलं. जून महिन्यात खरे ढग येऊन या ढगावर कोसळतात, तेव्हा वर कोण आणि खाली कोण याचा सोक्षमोक्ष दरवर्षी लागतो.

म्हणून गिऱ्हाइकाने आकाशाकडे बघणं सोडावं आणि आपल्या चांगल्या ओळखीच्या एका संस्थेकडे बघावं. ती म्हणजे मंगल कार्यालय. जागा त्यांची, वीज त्यांची, पाणी त्यांचं, झाडलोट त्यांची, लग्न तुमचं. हॉलचं भाडं वेळेवर, जेवणाचे पैसे ताटावर, आणि दर्शनी भिंतीवर पाटी: 'आपल्या मौल्यवान वस्तू आपण सांभाळाव्यात.' या पाटीकडे मागाहून वळायचंच आहे. कार्यालय ही उत्तम सोय आहे, याबद्दल वाद नाही. आयुष्यात एकदा पाचशे माणसं जेवायला येणार म्हणून कुणी पाचशे पाटांचं घर बांधत नाही. माझं म्हणणं एवढंच, की कार्यालय लग्नापुरतं घ्यायचं असतं. क्लाउडची पुष्कळ गिऱ्हाइकं मात्र देव्हारा, मिक्सर आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन तिथे राहायलाच गेली आहेत, आणि महिनाअखेरीला बिल आलं की 'एवढं कसं झालं हो?' असं मॅनेजरला विचारतात.

आधी आतली व्यवस्था समजून घेऊ, कारण निम्मे गैरसमज तिथलेच आहेत. एक दणकट सर्व्हर म्हणजे एक प्रशस्त हॉल. सगळ्यात स्वस्त प्रकार शेअर्ड होस्टिंगचा. हा सामुदायिक विवाह सोहळा. मांडव एक, भटजी एक, ध्वनिक्षेपक एक आणि जोडपी पन्नास. खर्च नावापुरता येतो, पण एका नवरदेवाची वरात लांबली की बाकी एकोणपन्नास मुंडावळ्या सावरत उभे. इथे जाहिरातीत 'अमर्यादित जागा' असं लिहिलेलं असतं. खानावळीच्या पाटीवरचं 'पोटभर जेवण' असतं तसंच हे. मालकाचा विश्वास पाटीवर नसतो, तुमच्या पोटाच्या आकारावर असतो, आणि एखादा पैलवान आलाच तर 'वाजवी वापर' नावाचं कलम मुदपाकखान्यात तयार असतं. त्याच्या वरचा प्रकार व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे व्हीपीएसचा. हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर त्याच हॉलमध्ये कनाती लावून दहा-वीस खोल्या पाडतं आणि प्रत्येक खोलीतल्या वऱ्हाडाला वाटतं, की पूर्ण कार्यालय आपलंच. पडदा दिसायला पक्का असतो. पण पलीकडच्याने बँड लावला की तुमच्या मंगलाष्टकांचा सूर हलतो. या धंद्यातले लोक अशा शेजाऱ्याला गोंगाट्या शेजारीच म्हणतात. आचाऱ्यांचा हिशेब तर ऐकण्यासारखा आहे. 'दोन व्हीसीपीयू' असं वाचून गिऱ्हाईक समजतं, की दोन आचारी मिळाले. इंटेलच्या यंत्रांवर बहुतेक ठिकाणी एक व्हीसीपीयू म्हणजे प्रोसेसरच्या एका गाभ्यातली अर्धी वहिवाट असते. म्हणजे आचारी एकच, त्याचे दोन हात दोन आचारी म्हणून मोजलेले. हात झपाझप चालतात हे खरं. पण पोळी लाटणारा आणि आमटी ढवळणारा माणूस एकच असतो, हे पंगत बसल्यावर कळतं.

आता एवढ्या करामतीच्या व्यवस्थेला जग का भुललं? कारण भाड्याची पद्धत. अॅमेझॉनने 2006 च्या मार्चमध्ये एस थ्री ही साठवणुकीची सेवा काढली, महिन्याला जीबीमागे 15 सेंट दराने, आणि ऑगस्टमध्ये ईसी टू, म्हणजे तासाच्या बोलीने सर्व्हर, तासाला 10 सेंट. त्याआधी सर्व्हर हवा तर विकत घ्या किंवा महिन्याचं भाडं भरा, यंत्र बसवून मिळेपर्यंत थांबा, आणि काम झालं तरी करार संपेपर्यंत पैसे मोजा, असा मामला होता. इथे कार्यालय तासावर मिळू लागलं, तेही घरबसल्या, मॅनेजरशी घासाघीस न करता. याचा उपयोग बघायचा असेल तर दहावी-बारावीच्या निकालाची दुपार बघावी. राज्य मंडळाचा निकाल दुपारी एक वाजता संकेतस्थळावर येतो. परीक्षेला बसलेले विद्यार्थी 15 लाखांच्या आसपास. एक वाजता विद्यार्थी बघतो, त्याची आई बघते, मामा बघतो, क्लासचे सर बघतात, आणि ज्यांना मुलाचा बैठक क्रमांक व त्याच्या आईचं नाव दोन्ही तोंडपाठ आहे असे शेजारचे काका तर बारा पन्नासपासूनच बघत असतात. संध्याकाळी सहाला तिथे चिटपाखरू नसतं. या एका दुपारसाठी वर्षभर शंभर सर्व्हर पोसणं वेडेपणाचं, आणि दोन सर्व्हरवर ती दुपार निभावणंही तितकंच. दिवाळीच्या आधी अमेरिकेत, दुबईत फराळाची पार्सलं पाठवणाऱ्या दुकानाचंही तसंच. चकलीला आश्विनात जी वर्दळ असते ती माघात नसते. अशांनी कार्यालय घ्यावं, दणक्यात कार्य उरकावं आणि संध्याकाळी चाव्या देऊन घरी जावं. यासाठी क्लाउडइतकी चांगली सोय माणसाने अजून काढलेली नाही.

घोटाळा होतो तो घरी न जाण्याने. वर्षाचे तास 8,760. ज्याचं काम रात्रंदिवस एकाच चालीने चालतं, ज्याच्याकडे ना वरात येते ना पंगत उठते, तो 8,760 तास तासाच्या भाड्याने हॉलमध्ये राहतो आणि वरून 'आम्ही वापरू तेवढेच पैसे देतो' हे कौतुकाने सांगतो. हे वाक्य खरं आहे. फक्त तो सगळं वापरतो. या हिशेबाची जाहीर साक्ष काढायची तर 37 सिग्नल्स या अमेरिकन कंपनीची काढता येते. बेसकॅम्प आणि 'हे' नावाची ईमेल सेवा चालवणाऱ्या या कंपनीने 2022 च्या ऑक्टोबरमध्ये आपण क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं आणि नंतर आपलं बिलच लोकांपुढे ठेवलं: वर्षाचे सुमारे 32 लाख डॉलर. मग त्यांनी सुमारे 7 लाख डॉलरचे सर्व्हर विकत घेतले, आणि 2024 पर्यंत क्लाउडचं वार्षिक बिल 13 लाखांवर आणलं. लोकांच्या फाइली साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्सने तर त्याच्याही आधी आपली साठवण अॅमेझॉनकडून स्वतःच्या यंत्रांवर हलवली होती, आणि 2018 मध्ये शेअर बाजारात उतरताना दिलेल्या कागदपत्रांत दोन वर्षांत साडेसात कोटी डॉलरच्या आसपास खर्च घटल्याचं दाखवलं होतं. या दोघांचं काम बारा महिने तेरा काळ एकसारखं चालणारं. म्हणजे कार्यालयातून घरी परतलेला संसार. यावर विक्रेते म्हणतात, की वर्षाची किंवा तीन वर्षांची हमी द्या, आम्ही दरात घसघशीत सूट देतो. सूट खरी असते, निम्म्याहून जास्तही असते. पण ज्याला तीन वर्षं आधी माहीत आहे की त्याला रोज किती पाट लागणार, त्याने 'हवं तेव्हा हवं तेवढं' या सोयीचे पैसे मोजावेतच कशाला? हॉल तीन वर्षांसाठी बुक करणाऱ्या माणसाला आपल्याकडे वरपिता म्हणत नाहीत, भाडेकरू म्हणतात.

बिलाबद्दल स्वतंत्र ग्रंथ होईल. कार्यालयाच्या बिलात हॉलचं भाडं पहिल्या ओळीवर असतं आणि खरा मजकूर खाली सुरू होतो: जनरेटरचं डिझेल, जादा टँकर, फुटलेल्या वाट्या, 'इतर'. क्लाउडच्या बिलाचीही हीच घडण. मशीन बंद केलं तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालू राहतं, कारण वऱ्हाड गेलं असलं तरी गाद्या खोलीतच आहेत. एकाच शहरातल्या दोन झोनमध्ये, म्हणजे या खोलीतून त्या खोलीत ताट नेलं, तर अॅमेझॉनकडे जीबीमागे एक सेंट जाताना आणि एक येताना. पत्त्याचं भाडं वेगळं. पूर्वी जुन्या पद्धतीचा सार्वजनिक आयपी पत्ता घेऊन न वापरता ठेवला तर त्याचे तासाला अर्धा सेंट पडत. फेब्रुवारी 2024 पासून वापरात असलेल्या पत्त्यालाही तेवढेच पडतात. आधी खुर्ची अडवून रिकामी ठेवली तर दंड होता, आता बसलात तरी आहे. आणि या सगळ्यांत मुरलेला आकार म्हणजे पाठवणीचा. माहिती आत आणायला दमडी पडत नाही. रुखवत, भांडीकुंडी, पंचपक्वान्नं खुशाल आणा, दारात मॅनेजर हसून उभा. बाहेर नेताना मात्र जीबीगणिक पैसे: अमेरिकेत पहिले 100 जीबी सोडून सुमारे 9 सेंट, मुंबईत सुमारे 11. एक टेराबाइट बाहेर पाठवा, शंभराच्या आसपास डॉलर गेले. आणि संकेतस्थळाचा धंदाच बाहेर पाठवण्याचा आहे. गिऱ्हाइकाने चकलीचा फोटो पाहिला म्हणजे तो तुमच्या दारातून बाहेर पडला.

आगंतुकांचा प्रश्न तर लग्नाहून बिकट. 2024 च्या एप्रिलमध्ये एका प्रोग्रामरने आपली कैफियत जाहीर केली. त्याने एस थ्रीमध्ये एक रिकामी जागा घेऊन ठेवली होती आणि एका दिवसात तिचं बिल 1,300 डॉलरच्या वर गेलं. झालं असं, की कुठल्याशा एका लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये नमुन्यादाखल जे नाव घालून ठेवलं होतं, नेमकं तेच नाव त्याने आपल्या जागेला दिलं होतं. जगभरातल्या लोकांची यंत्रं भलत्याच पत्त्यावर सामान टाकायला येऊ लागली, दिवसात दहा कोटींच्या घरात वेळा. दार बंद होतं, आत कुणालाही घेतलं गेलं नाही, प्रत्येकाला हाकलून लावलं. फक्त दर टकटकीचे पैसे घरमालकाकडून घेतले गेले. न बोलावलेला पाहुणा जेवून गेला तर यजमान मनातल्या मनात चडफडतो. इथे तो न जेवता गेला आणि तरी ताट मोजलं गेलं. एवढा बोभाटा झाल्यावर मे महिन्यात अॅमेझॉनने नियम बदलला आणि अशा बाहेरच्या, परवानगी नसलेल्या ठोठावण्याचे पैसे घेणं बंद केलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण 2006 ते 2024 हा काळ दाराबाहेर उभं राहायला जरा लांबच आहे.

आता ती पाटी. क्लाउडच्या धंद्यात तिला भारदस्त नाव आहे, सामायिक जबाबदारी. भिंत, छप्पर, वीज, पहारा आमचा. आत तुम्ही काय ठेवलं, कुलूप लावलं का, दुसरी प्रत काढली का, हे तुमचं. गिऱ्हाईक मात्र समजतं, की क्लाउडवर ठेवलं म्हणजे देवाच्या पायाशी ठेवलं. 10 मार्च 2021 च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पाच मजली इमारत पूर्ण गेली, शेजारच्या इमारतीचा काही भाग गेला, लाखो संकेतस्थळं बंद पडली. कंपनीच्या संस्थापकाने ट्विटरवरून सल्ला दिला, की आपापली आपत्कालीन योजना अमलात आणा. किती गिऱ्हाइकांनी त्या सकाळी प्रथमच आपत्कालीन योजना म्हणजे काय याचा शोध घेतला असेल, कल्पना करावी. काहींनी बॅकअपचे वेगळे पैसेही भरले होते. त्यातल्या एका कंपनीच्या खटल्यात 2023 मध्ये फ्रान्समधल्या न्यायालयाने ओव्हीएचला भरपाई द्यायचा आदेश दिला, कारण बॅकअप ठेवला होता तो त्याच इमारतीत. दागिने चोरीला जाऊ नयेत म्हणून दुसऱ्या डब्यात ठेवले, आणि दोन्ही डबे एकाच पेटीत. आणि दर वेळी कार्यालयच दोषी असतं असंही नाही. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरने दमल्याभागल्या अवस्थेत चुकीच्या मशीनवरची माहिती पुसली. बॅकअपच्या पाच तऱ्हा त्यांच्याकडे होत्या, त्यांपैकी एकही धड चालत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी काढलेली प्रत सापडली, म्हणून सहा तासांवर निभावलं. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं, हा प्रामाणिकपणा मात्र दुर्मिळ. आपल्याकडे पंगतीत मीठ विसरलं तर आचारी गाव सोडतो.

पण आपल्याला हमी दिलेली असते, असा आक्षेप इथे येतो. 99.99 टक्के! हा आकडा पेढ्यासारखा वाटला जातो, म्हणून तो जरा फोडून बघावा. 99.9 टक्के म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद, 99.99 म्हणजे साधारण 52 मिनिटं. आणि हमी म्हणजे असं होणार नाही हे वचन नसतं. झालं तर किती सूट मिळेल त्याचा तो तक्ता असतो. ईसी टूच्या करारात महिन्याचा आकडा 99.99 च्या खाली, पण 99 च्या वर राहिला, तर बिलात 10 टक्के सूट. फराळवाल्याचं उदाहरण घ्या. महिन्याचं बिल 20,000 रुपये, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर सगळं सात तास बंद. तीस दिवसांच्या महिन्यात सात तास गेले तरी आकडा 99.03 राहतो, म्हणजे सूट 2,000 रुपयांची, तीही रोख हाती येत नाही, पुढच्या बिलातून वळती होते आणि ठरल्या मुदतीत अर्ज केला तरच. कार्यालयाने मुहूर्ताला वीज घालवली आणि पुढच्या लग्नाच्या भाड्यात दहा टक्के कमी केले. खुद्द मॅनेजरचीही कधी पंचाईत होते. 28 फेब्रुवारी 2017 ला अॅमेझॉनच्या माणसाने दुरुस्ती करताना आज्ञेतला एक तपशील चुकीचा टाइप केला आणि एस थ्री काही तास आडवी झाली. कुठली सेवा चालू आणि कुठली बंद हे दाखवणारा कंपनीचा फलक मात्र बराच वेळ सगळं आलबेल सांगत राहिला, कारण त्या फलकाचा कारभारही एस थ्रीवरच चालत होता. 'वीज गेली आहे' ही पाटी विजेवर चालणारी होती.

यावर समंजस माणूस विचारेल: मग काय, सर्व्हर घरी जिन्याखाली ठेवायचा? मोलकरणीने झाडताना वायर काढली, मेच्या उन्हात पंखा बंद पडला, महावितरणने मंगळवार पाळला, की झालं. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. जिन्याखालच्या सर्व्हरपेक्षा ऐरोलीतला सर्व्हर कधीही सुरक्षित, आणि छोट्या दुकानदाराने यंत्रं विकत घेणं म्हणजे एका मुंजीसाठी टेंट हाउस काढणं. पण कार्यालय आणि जिन्याखालची अडगळ यांच्यामध्ये चक्क घर नावाची गोष्टही असते. 37 सिग्नल्सनेसुद्धा इमारत बांधली नाही. यंत्रं आपली घेतली आणि दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये कपाटं भाड्याने घेऊन ठेवली. जादा नोकर लागले नाहीत, असंही ते सांगतात. ज्याला तेवढंही झेपणारं नाही, त्याच्यासाठी ठरावीक मासिक भाड्याची साधी व्हीपीएस असते. महिन्याला अमुक रुपये, एवढी जागा, एवढी ये-जा, विषय संपला. गावातल्या डॉक्टरांचं संकेतस्थळ, वाचनालयाची यादी, पुण्यातल्या सोसायटीची सूचनावही, यांना याहून जास्त काही लागत नाही. त्यांच्याकडे एका रात्रीत दहा लाख माणसं येण्याची शक्यता आहे, असं समजून क्लाउडवाला त्यांना वाढीची स्वप्नं विकतो. पण सोसायटीच्या सभेला कोरम भरत नाही, संकेतस्थळावर झुंबड कुठून उडणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोक हल्ली नुसता हॉल घेत नाहीत, आचारी घेतात. डेटाबेस तेच सांभाळतात, प्रती तेच काढतात, ईमेल तेच धाडतात, आणि रात्री दोनला काही बिघडलं तर जागं तेच होतात. चार माणसांच्या कंपनीला याची खरी किंमत कळते, आणि ती देण्यात काही चूक नाही. मीही हा मुद्दा मानतो, फक्त एका दुरुस्तीसह. कार्यालयाचा आचारी कार्यालयाच्याच मसाल्यात रांधतो. दोन-चार वर्षं त्याच्या हातचं खाल्लं, की घरी तशी आमटी होत नाही, दुसऱ्या कार्यालयात तर मुळीच नाही. सगळं काम एकाच विक्रेत्याच्या खास सेवांवर बेतलं, की बाहेर पडायचं म्हणजे सामान हलवण्यावर भागत नाही, स्वयंपाक नव्याने शिकावा लागतो. त्यातून मॅनेजरच्या वहीचाही भरवसा नसतो. ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीची गूगलकडची व्यवस्था 2024 च्या मे महिन्यात एकाएकी पुसली गेली. चौकशीअंती गूगलनेच सांगितलं, की व्यवस्था उभारताना एक रकाना कोरा राहिला होता. कोरा रकाना म्हणजे मुदत एक वर्ष, असं प्रणालीने परस्पर धरलं आणि वर्ष भरताच, कुणालाही न विचारता, मांडव उतरवला. निधीने दुसऱ्या विक्रेत्याकडेही प्रती ठेवल्या होत्या, तेव्हा आठवडाभराच्या ओढाताणीनंतर गाडी रुळावर आली. ती पाटी कुणीतरी वाचली होती म्हणायची.

मग बाहेर पडणाऱ्याची पाठवणी? तिच्यातही अलीकडे बदल झाला आहे. युरोपीय संघाचा डेटा कायदा दाराशी येऊन उभा होता, तेव्हा 2024 च्या जानेवारीत गूगलने जाहीर केलं, की जे गिऱ्हाईक आपलं खातं बंद करून कायमचं जाणार असेल, त्याच्याकडून माहिती बाहेर नेण्याचे पैसे घेणार नाही. मार्चमध्ये अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टनेही जाणाऱ्यांसाठी अशीच माफी जाहीर केली. रीतसर अर्ज करायचा, मंजुरी घ्यायची, दिलेल्या मुदतीत सगळं उचलायचं. म्हणजे बिऱ्हाड आवरून कायमचं निघालेल्याला टेम्पो फुकट. रोज संध्याकाळी उरलेली जिलेबी डब्यात घालून घरी नेणाऱ्याला मात्र जीबीगणिक दर जुनाच.